तहानेचं पान

आमच्या घरात मरणाची भीती मी आणली. वाचून आणली. मोठ्यानं, एकही शब्द न गाळता, जिथं थांबायचं तिथं बरोबर थांबून. त्याआधी माझ्या मायनं मरण पाहिलं नव्हतं असं नाही. दोन लेकरं तिनं पाळण्यातच घालवली होती, सासू-सासऱ्यांच्या तोंडात शेवटचं पाणी तिनंच घातलं होतं. पण मरण म्हणजे तिच्या लेखी दुःख होतं. छाती बडवून रडायचं, कडू घास गिळायचा आणि सुतक फिटलं की पुन्हा चुलीपुढं बसायचं. त्या मरणाला रस्ता नव्हता, ऊन नव्हतं, तहान नव्हती. ते सगळं मी तिला दिलं. हे लिहिताना राग आवरेल असं मला वाटत नाही. आवरेल तेव्हा लिहू म्हणत इतकी वर्षं थांबले. आता पासष्टी उलटली, आता आवरून तो कुणाला दाखवायचा आहे?

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, गुलमंडीतल्या एका कापडाच्या दुकानात कटर होते. दुकानाच्या माडीवर शिलाई चालायची, तिथं ते उभ्यानं दिवसभर शर्ट-पँटी बेतायचे. राहायला आम्ही गारखेड्यात. तेव्हा तिकडं घरं कमी आणि वावरंच जास्त. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं ओटा, ओट्याच्या भिंतीला लागून पाण्याचे दोन ड्रम. दादांचं स्वतःचं एक मशीन घरात होतं. सुट्टीच्या दिवशी ते त्यावर गल्लीतल्या बायकांची झंपरं शिवून द्यायचे. दुकानातून आणलेल्या चिंध्यांच्या माय वाकळी शिवायची, आणि आमच्या वाकळीत अर्ध्या शहराचे शर्ट आहेत, असं दादा म्हणायचे. शनिवारी येताना ते पुड्यातून इमरती आणायचे. पुडा सोडायच्या आधीच त्याच्या कागदाला तूप सुटलेलं असायचं आणि तो कागद चाटायला मिळावा म्हणून मी गृहपाठ लवकर उरकायची.

पण दादा म्हटलं की मला आठवतं ते त्यांचं पाणी पिणं. संध्याकाळी सायकल ओट्याला टेकवली की ते आत यायचे नाहीत. माय तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी असायची. मान मागं टाकून, तांब्या ओठांना न लावता, वरून धार धरून ते सगळा तांब्या रिकामा करायचे. घशातला घटघट आवाज मला आतल्या खोलीत ऐकू यायचा. मग एक लांब श्वास. मग, "काय केलंय आज?" पाण्याची आमच्याकडं तेव्हाही ओरडच होती. नळ चार-पाच दिवसांनी यायचा. शेजारच्या कांतामावशी पत्र्यावर काठी आपटून "नळ आला गं" म्हणून ओरडायच्या आणि सगळी गल्ली हंडे घेऊन पळायची. शहराचं नाव बदललं, गारखेड्यात पाय ठेवायला जागा उरली नाही, नळ मात्र अजून मनात येईल तेव्हाच येतो. तरी दादांच्या तांब्याला आमच्या घरात कधी टंचाई लागली नाही.

मी दहावीत होते. एका दुपारी दादा कापड बेतता बेतता खाली बसले, "पाणी द्या रे" म्हणाले, आणि पोऱ्यानं खालच्या माठातून पेला भरून वर आणेपर्यंत गेले. दुकानातल्या माणसांनी जे घडलं ते जसंच्या तसं मायला सांगितलं. वाईट हेतूनं नव्हे, त्यांना वाटलं बाईला सगळं कळलं पाहिजे. माय रडली, जशी रडायला हवी तशी रडली. दुसऱ्या दिवशी कांतामावशीनं आणलेल्या पिठलं-भाकरीचे तिनं दोन घास खाल्ले. ती त्यातून उठली असती. मला आजही खात्री आहे, ती उठली असती.

मग तात्या आले. तात्या म्हणजे दादांचे थोरले भाऊ, कन्नडकडं गावी शेती करायचे. घरात कर्तं माणूस उरलं नाही म्हणून सगळं त्यांनी हातात घेतलं, आणि हातात घेतलं ते त्यांना जसं ठाऊक होतं तसं. आमच्या घराण्यात मेलेल्याच्या नावानं तेरा दिवस वाचन होतं, मेल्यावर जीव कुठं जातो, कसा जातो, कुठं काय भोगतो त्याचं. त्यासाठी कन्नडहून एक बुवा येस्टीनं आले. त्यांच्याजवळ कापडात गुंडाळलेली एक जाड वही होती, त्यांच्या स्वतःच्या अक्षरातली. "मूळ संसकृत कुणाला कळतंय? म्या सोपं करून लिवलंय," असं ते म्हणायचे. त्या आठवड्यात त्यांच्याकडं अशी तीन घरं होती. तिसऱ्या दिवशी त्यांचा घसा बसला. ज्येष्ठमध चघळत त्यांनी तात्यांना विचारलं, "घरात वाचणारं कोण हाय का?"

"पोरगी हाय की," तात्या म्हणाले. "शकू लई चांगलं वाचती. वक्तृत्वात बक्षीस हाय तिला."

"पोरीनं वाचलं तर चालंल का?" कुणीतरी म्हणालं.

"अक्षरंच वाचायची, त्यात काय," बुवा म्हणाले आणि वही माझ्या मांडीवर ठेवली. "पण भावनेनं वाच बरं का. ऐकणाऱ्याला डोळ्यापुढं दिसलं पाह्यजे."

भावनेनं! या एका शब्दावर मी आजही दात खाते. शाळेत बाईंनी मला शिकवलं होतं की भीतीच्या शब्दाआधी क्षणभर थांबायचं, आवाज खाली आणायचा, आणि मग समोरच्याच्या डोळ्यांत बघून तो शब्द टाकायचा. ते सगळं मी वापरलं. दुपारी चारला बायका पदर सावरून बसायच्या, दादांचा फोटो मशीनवर टेकवलेला, पुढं समई, आणि मी वाचायची. मेलेल्याचा रस्ता वाळूचा असतो. वाळू तव्यासारखी तापलेली. झाड नाही, सावली नाही. लांब पाणी दिसतं, जीव धावत तिथं जातो आणि तो पोचला की ते आटतं. ज्याच्या तोंडात शेवटच्या घटकेला पाणी पडलं नाही, त्याची तहान दुप्पट. तो हाका मारतो, पण त्या कुणाला ऐकू येत नाहीत. त्या पानावर मी आले तेव्हा बायकांचे हुंदके सुरू झाले. आणि मला, सांगायला लाज वाटते पण सांगते, मला बरं वाटलं. बाप जाऊन सहा दिवस झाले होते आणि पोरगी मनातल्या मनात बक्षीस घेत होती.

माय कोपऱ्यात बसली होती. त्या दिवशी ती रडली नाही. तिनं विचारलं, "हाका मारतो म्हंजे कुणाला मारतो?"

वहीत ते नव्हतं. पण चांगल्या वाचणाऱ्याला उत्तर यायला हवं, असं मला वाटलं. मी पानाकडं बघूनच म्हटलं, "बायकोला."

हा शब्द माझा. बुवांचा नाही, तात्यांचा नाही, कुठल्या शास्त्राचा नाही. त्या अख्ख्या वहीतला सगळ्यात वाईट शब्द वहीत नव्हताच, तो पंधरा वर्षांच्या शहाण्या पोरीनं आपल्या पदरचा घातला होता.

तेरावा झाला, बुवा गेले, वही राहिली. त्यांच्याकडं तशा आणखी दोन होत्या, आणि पोरीचं वाचन गोड आहे, ठेवा, म्हणाले. माय त्या दिवसापासून दादांच्या नावानं ओट्याच्या भिंतीवर पाण्याचा तांब्या ठेवायला लागली. संध्याकाळी, दादांच्या येण्याच्या वेळेला. इथवर ठीक होतं. पण हळूहळू तिचं स्वतःचं पाणी पिणं कमी झालं. जेवताना दोन घोट, बस. उन्हाळ्यात चूल पेटवून बाजूला झाली की तिच्या ओठांना पापुद्रे सुटलेले असायचे. मी तांब्या पुढं केला की म्हणायची, "त्येंला तिकडं घोट मिळना अन म्या इथं घटाघटा पिऊ व्हय?" आणि महिन्याच्या महिन्याला, दादांच्या तिथीला, ती मला वही काढायला लावायची. सगळी नाही, तेच पान. मी नको म्हटलं की उपाशी राहायची. म्हणून मी वाचायची. भावना काढून टाकून, भराभरा, किराण्याच्या यादीसारखं वाचायची. उपयोग नव्हता. ते पान तिला पाठ झालं होतं, माझ्या पहिल्या दिवसाच्या आवाजात.

कांतामावशीला हे कळलं तेव्हा त्या चिडल्या. त्या बौद्ध, त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी मी त्यांच्याकडं गेले होते. पांढऱ्या कपड्यातली माणसं बसली होती, जे जन्मतं ते जातं एवढंच कुणीतरी शांतपणे वाचलं होतं आणि मग सगळ्यांना चहा दिला होता. नळावर हंडा लावून त्या मला म्हणाल्या, "आमच्यात मेलेल्याच्या मागं लागत नायत. गेला तो सुटला. रडून घ्यावं, जेवावं अन कामाला लागावं. तुमी लोक जित्या माणसाला जाळता की गं!"

"मी काय करू मावशी? तात्यांनी बुवा आणला."

"बुवाचं कोण खरं मानतंय? तो धा घरी वाचतो. तिनं खरं मानलं कामून, तर तू वाचलं म्हनून. तिची लेक शिकलेली हाय. लेक वाचती म्हंजे लिवलेलं आसंल, अन लिवलेलं म्हंजे खरं."

मी त्यांच्यावर रागावले. महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. खरं बोलणाऱ्या माणसाचा राग येतो तसा आला होता.

इथं जरा आजचं सांगते. मी पुढं शिक्षिका झाले, चौतीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलं. आमच्या कॉलनीत आता कुणी गेलं की मांडव पडतो, भोंगा लागतो आणि तेरा दिवस तसलंच काहीतरी चालतं. मागल्या वर्षी समोरच्या घरातला तरणा मुलगा गेला. त्याची आई पुढंच बसलेली आणि वाचणारा सांगत होता, अकाली गेलेल्याचं काय काय होतं. मी उठले आणि त्याच्या हातातला माईक बंद केला. "पुढं वाचायचं असेल तर तिच्या डोळ्यात बघून वाच," म्हटलं. माझ्या मुलांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारी भ्रमिष्ट झाली, असं कॉलनीत म्हणतात. म्हणोत बापडे.

तर माय. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा तिचे पाय सुजले, मग तोंड सुजलं. दवाखान्यात डॉक्टरांनी कागद चाळले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्या आहेत. मग सहज विचारावं तसं विचारलं, "या पाणी कमी प्यायच्या का?" त्यामुळंच झालं असं ते म्हणाले नाहीत. आणखी दहा कारणं असतील, तीही त्यांनी सांगितली. मला एकच ऐकू आलं. आणि पुढं ते म्हणाले की आता मात्र पाणी मोजूनच द्यायचं, दिवसाला एक पेला. प्यायला हवं होतं तेव्हा ती प्याली नाही आणि आता मागेल तेव्हा मी द्यायचं नाही. हसावं की भिंतीवर डोकं आपटावं!

तिला घरी आणलं. पुढच्या खोलीत, दादांच्या मशीनशेजारी तिची खाट. पत्रा तापायचा, मी ओलं फडकं तिच्या ओठांवर फिरवायची. दुखण्याबद्दल ती बोलायची नाही. तिला भीती होती ती पुढच्याची. झोपेतून दचकून उठायची आणि माझं मनगट धरायची. "म्या त्येंला शेवटचं पाणी दिलं नाय शकू. मला तिथं कोण देईल?" मी सांगायची, माय, असं काही नसतं, ती बुवाची वही आहे, सोडून दे. ती माझ्याकडं बघायची, वेड्याकडं बघावं तसं. "तूच तर वाचलंस," म्हणायची. कांतामावशी बरोबर होत्या. माझ्या सांगण्याला काडीची किंमत नव्हती, किंमत माझ्या वाचण्याला होती.

तात्या गावाहून बघायला आले होते. दाराजवळ, मशीनच्या स्टुलावर बसले होते, टोपी गुडघ्यावर. दुपारची वेळ होती. माय म्हणाली, "वही काढ. त्ये पान वाच. कसं कसं जायचं त्ये मला ठावं पाह्यजे."

मला तेव्हा जो राग आला तसा राग नंतर आयुष्यात कधी आला नाही. तात्यांचा, बुवांचा, वहीचा, तिचा, आणि सगळ्यात जास्त त्या बक्षीसवाल्या पोरीचा. मी वही काढली ती फाडायलाच काढली होती. मग तिच्याकडं बघितलं. हात जोडून, डोळे मिटून ती ऐकायला तयार झाली होती. मी ते पान उघडलं आणि वाचायला लागले. वाळू वाचली, ऊन वाचलं, आटणारं पाणी वाचलं. मग थांबले, बाईंनी शिकवलं होतं तशी थांबले, आणि जे तिथं नव्हतं ते वाचलं.

"आणि वाळू संपते त्या ठिकाणी पाणपोई लागते. कडुनिंबाखाली पाच रांजण. रांजणाला ओलं फडकं, पाण्यात वाळा घातलेला. जो येईल त्याला आधी सावलीत बसवतात. पाय धुवायला देतात. मग तांब्या देतात. तिथलं पाणी सरत नाही. तिथं नळाची वाट बघावी लागत नाही."

नळ! तोंडातून गेलं तेव्हा माझं मलाच कळलं. दाराशी तात्या खाकरले. त्यांना वाचता येत होतं, आणि ती वही त्यांनी बापाच्या वेळी, आजाच्या वेळी, भावाच्या वेळी ऐकली होती.  माझी मान वर होईना.

माय म्हणाली, "पाणपोईवर कोण आसतं?"

"आधी गेलेले," मी पानावर बोट ठेवून वाचलं. "ज्यानं ती तहान सोसली, तोच तिथं पाणी द्यायला बसतो."

 मग तिनं उशीवरचा पदर डोक्यावर ओढला आणि दाराकडं बघितलं. थोरल्या दिराशी ती आयुष्यात कधी समोरासमोर बोलली नव्हती. "भावजी," ती म्हणाली, "हाय का वो आसं वहीत?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मग टोपी उचलून डोक्यावर घातली, देवळात बोलायच्या आधी माणूस घालतो तशी. "हाय की," ते म्हणाले. "आमच्या म्हाताऱ्याच्या टायमाला बुवानं सोता वाचलं व्हतं. पाच रांजण. निंबाखाली."

बुवाला आमच्या घरात आणल्याबद्दल मी तात्यांना कधी माफ केलं नाही, ते जाऊन वीस वर्षं झाली तरी केलेलं नाही. पण हे खोटं मी त्यांच्या नावावर जमेत मांडून ठेवलं आहे, आणि त्यांच्याबद्दल मला कुणी वाईट बोललेलं चालत नाही.

मायचा चेहरा बदलला. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर हसेल. ती भडकली. कधी नव्हे ती अशी भडकली की खाट हलली. "मंग हे तवाच कामून नाय वाचलंस? आं? तीन वर्सं झाली! तीन वर्सं म्या धड पानी प्याले नाय. पानं गाळून वाचतीस व्हय गं तू? शाळेत हेच शिकवलं का तुला?"

"चुकलं माय," मी म्हटलं. "पान चिकटलेलं होतं."

"चिकटलं व्हतं म्हनं! मोठी बक्षीसवाली. आन तो पेला."

दिवसाचा तिचा तो एकच पेला होता. मी दिला. तिनं उशीवरून मान मागं टाकली, पेला ओठांना न लावता वरून धार धरली, अर्धं पाणी गळ्यावर सांडलं. घशातला आवाज मी त्या घरात तीन वर्षांनी ऐकला. मग तिनं पाठ फिरवली आणि निवांत झोपली.

त्यानंतर ती चार दिवस होती. त्या चार दिवसांत ती एकदाही दचकून उठली नाही, आणि माझ्याशी एकदाही नीट बोलली नाही. कांतामावशी आल्या की माझ्याकडं बोट करायची. "पोरीनं आख्खं पान गाळलं बघा. मन लावून कायी करायलाच नको हिला." मावशींनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि म्हणाल्या, "आताच्या पोरीच तशा." चौथ्या दिवशी सकाळी पत्र्यावर काठी वाजली, नळ आला होता. मी हंडा भरून आत आले, तांब्यातलं ताजं पाणी चमच्यानं तिच्या तोंडात घातलं. तिनं ते गिळलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं मी नक्की आणखी काहीतरी विसरले असणार.

माय गेली ती माझ्यावर चिडून गेली. घाबरून नाही गेली.